कचऱ्याचे उपकार

संपादकांचा निरोप आला तेव्हा आषाढ लागला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'कृतज्ञता'. आयुष्यभर खस्ता खाऊन अखेर स्वतःची किंमत कळलेल्या, समाधानाने मागे वळून पाहणाऱ्या माणसांवर काही लिहाल का, अशी विचारणा होती. दिवाळी अंकांत अशा लेखांचा एक साचा ठरून गेला आहे. झोपडीत वाढलेला मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो, पुढे कलेक्टर होतो किंवा कारखाना काढतो आणि शेवटच्या परिच्छेदात आईच्या पाया पडतो. वाचायला मलाही आवडतं. पण त्यात एक गोम आहे. त्या माणसाची किंमत सगळ्यांना आणि त्याला स्वतःला कळते ती तो जिथे होता तिथून बाहेर पडल्यावर. ज्यांना बाहेर पडता आलंच नाही, त्यांचं काय?

म्हणून मी पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांकडे गेले. विसाव्या वर्षी ज्यांचे हात कचऱ्यात होते आणि पन्नाशी उलटली तरी कचऱ्यातच आहेत, अशा बायका. काम तेच, वास तोच, पाठदुखी तर वाढलेलीच. तरीही यातल्या बऱ्याच जणी सोसायटीच्या चेअरमनशी ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात मला माझ्या चेअरमनशी बोलता येत नाही. हा आवाज कुठून आला, हे पाहायचं होतं.

भेटलेल्या कुणाचंच नाव इथे दिलेलं नाही. थकबाकी, मुकादम, नवरा, सोसायट्या या सगळ्यांवर त्या हातचं राखून न ठेवता बोलल्या. ते बोलणं त्यांच्या अंगाशी यायला नको.

ओला पुठ्ठा

पौड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत सकाळी सातच्या आत ढकलगाडी लागते. दोघींची जोडी. एक वर चढते, दुसरी गाडीपाशी थांबते. दुसऱ्या दिवशी पाळी बदलते, कारण गुडघे दोघींचेही गेलेत. पातळावर त्यांच्या सहकारी संस्थेचा कोट, त्यावर प्लॅस्टिकचा रेनकोट, त्याची टोपी मात्र मागे टाकलेली. टोपी घातली की वरून मारलेली हाक ऐकू येत नाही. दोघींच्या वाट्याला तीनशेच्या आसपास घरं येतात. कुठल्या घरात पाहुणे आलेत, कुणाच्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, कुणाचं डाएट चार दिवसांत मोडलं, हे सगळं त्यांना बादल्यांवरून कळतं. त्या बोलत नाहीत, एवढंच.

वर्गीकरण पाहत मी बराच वेळ शेडमध्ये बसून राहिले. थोरल्या मावशी हाताकडे बघतच नाहीत. माझ्याशी बोलता बोलता उजव्या हाताने पिशवीची गाठ सोडतात, डाव्याने आतलं पसरतात आणि माल आपापल्या पोत्यात पडत जातो: पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, बाटल्यांची झाकणं वेगळी, शाम्पूच्या बाटल्या वेगळ्या, काच एका बाजूला, पत्रा एका बाजूला. दुधाच्या पिशव्या आल्या की मात्र त्या थांबतात. पिशवी झटकतात, आतलं दूध निथळून टाकतात आणि कापलेला कोपरा तपासतात. कोपरा पूर्ण कापून टाकलेला असेल तर तो नखाएवढा तुकडा ओल्या कचऱ्यात जातो आणि कायमचा हरवतो. तो लटकता ठेवला तर पिशवीबरोबर परत येतो. "तुमी कसा कापता?" त्यांनी मला विचारलं. लटकता ठेवते म्हटल्यावर मान हलवली. पास झाले असावे.

पावसाळा हा या धंद्याचा वाईट हंगाम. पुठ्ठा भिजला की जड होतो, पण भंगारवाला वजनातून ओल कापतो, आणि किती कापायची ते त्याच्या मनावर असतं. सोसायटीने कचऱ्याच्या बादल्या जिन्याखाली ठेवू दिल्या तर पुठ्ठा कोरडा राहतो; उघड्यावर ठेवायला लावल्या तर त्या दिवसाची कमाई पाण्यात. म्हणजे वॉचमनच्या एका लहरीवर दुपारचं गणित ठरतं. मावशींनी पुठ्ठ्याचा गठ्ठा सुतळीने आवळला, एकदा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "साडेअकरा." काट्यावर तो साडेअकराला पंधरा-वीस ग्रॅम कमी भरला. त्यांनी काट्याकडे अशा नजरेने पाहिलं की चूक त्याचीच असणार.

हा आत्मविश्वास त्या जन्मतः घेऊन आल्या नव्हत्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी याच बाईला काट्यावरचा आकडा वाचता येत नव्हता.

बहात्तरनंतरची कोंडाळी

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका कुठून आल्या, याचं उत्तर बऱ्याच जणींच्या बाबतीत एकच आहे: बहात्तरचा दुष्काळ. सोलापूर, नगर, मराठवाड्यातून माणसं खडी फोडत फोडत शहराच्या कडेला आली. शेत नाही, हुन्नर नाही, आणि मांग-महाराच्या बाईला घरकामाला ठेवून घेणारी घरं तेव्हाच्या पुण्यात शोधावी लागत. (आता लागत नाहीत असं म्हणायची माझी हिंमत नाही.) उरलं ते कोंडाळं. तिथे कुणी जात विचारत नव्हतं. कोंडाळ्याशी जाणाऱ्या बाईची जात सगळ्यांनी धरूनच ठेवली होती.

तेव्हाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. खांद्याला पोतं, हातात आकडा. उशीर झाला तर दुसरी कुणी कोंडाळं उपसून गेलेली असायची. कुत्री मागे लागायची, गस्तीचे पोलीस पोतं उलटं करायला लावायचे, आणि भागात कुठे चोरी झाली की पहिली चौकशी यांची. दुपारी भंगारवाल्याकडे माल घातला की तो काटा मारायचा. मारतो हे कळायचं, पण किती मारतो ते कळत नव्हतं. वर त्याच्याकडूनच उचल घेतलेली असल्यामुळे दुसऱ्याकडे जायची सोय नाही. एक आजी म्हणाल्या, "लोक नाक धरून जायचे. आमी पण आमच्याच अंगाचा वास यतो म्हनून यष्टीत उभंच ऱ्हायाचो." एसटीत बसायला जागा असायची. बसायचं नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाच्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या वस्त्यांमध्ये शिकवायला जाऊ लागल्या. मुलं वर्गाला येईनात, कारण ती आयांबरोबर कचऱ्याला जात. मग शिकवणाऱ्याही त्यांच्यामागे कोंडाळ्यापर्यंत गेल्या. तिथे उभं राहिल्यावर एक साधी गोष्ट ध्यानात आली. हाच कागद, हीच बाटली घरातून थेट हातात मिळाली तर उकिरड्यात हात घालावा लागणार नाही, माल स्वच्छ मिळेल आणि भावही बरा येईल. काही सोसायट्यांशी बोलून तसं सुरू झालं. कमाई वाढली, वेळ वाचला. आणि चार पैसे दिसल्याबरोबर एक व्यावसायिक गाडी घेऊन त्याच घरांचा कचरा न्यायला आला! बायकांनी त्याला विरोध केला आणि काम राखलं. पण आज हा आला, उद्या दुसरा येईल, तेव्हा तीस-चाळीस जणींनी ओरडून भागायचं नाही, हे त्यातून उमगलं.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा झाला. आठशेच्या वर माणसं आली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबा आढाव होते. हमालांच्या पाठीवरचं ओझं हा संघटनेचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी हमाल पंचायतीतून या शहराला आधीच दाखवून दिलं होतं. हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' या केंद्रांत झुणका-भाकर खाणाऱ्या पुणेकरांना त्याची चवही ठाऊक होती. कचरावेचक आईचा मुलगा असलेले मोहन ननावरे या उभारणीत पुढे होते. त्या मेळाव्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संस्थेच्या नावात कचरा नाही. या बायका जे विकतात त्या मालाची नावं आहेत आणि त्या कोण आहेत हे आहे.

डोळे मिटलेला फोटो

"तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं, की आपणही कुणीतरी आहोत?" हा प्रश्न मी भेटेल तिला विचारत होते. पत्रकारांचा आवडता आणि तसा बाळबोध प्रश्न. पंचायत झाली तेव्हा, मोर्चात घोषणा दिली तेव्हा, मुलगा पास झाला तेव्हा, अशी उत्तरं येतील असं धरून चालले होते. आली तीही. पण जुन्या सभासदांपैकी एकीनंतर एकीचा हात आधी पिशवीकडे किंवा पोलक्यात खोचलेल्या बटव्याकडे गेला, आणि बाहेर आलं ते कार्ड.

पंचायतीने सभासदांना ओळखपत्रं दिली आणि १९९५-९६च्या सुमारास पुणे महापालिकेने त्यांना मान्यता दिली. देशात असं करणाऱ्या पहिल्या पालिकांमध्ये ती होती. दिसायला कार्ड अगदी साधं: फोटो, नाव, पत्ता, सही-शिक्का. एका मावशींनी त्यांचं पहिलं कार्ड अजून जपून ठेवलं आहे. प्लॅस्टिक पिवळं पडलंय, कडेला दोरा घालून शिवलंय, आणि फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. "फोटोवाला म्हन्ला, पुन्ना काढू. म्या म्हन्लं, ऱ्हाऊ दे. परत यायचं म्हंजी येक दिस बुडनार." आयुष्यात एकटीचा असा तो त्यांचा पहिला फोटो.

कार्डाने काय झालं? पहाटे पोलिसाने हटकलं की तोंड उघडायच्या आधी हात पुढे जाऊ लागला. ससूनमध्ये केसपेपर काढताना 'धंदा' या रकान्यात काय सांगायचं, ते ठरलं. शाळेत मुलाचा दाखला भरताना गुरुजींनी 'मजूर' लिहिलं तर एकीने ते खोडायला लावलं. रात्री पोलीसचौकीत बसवून ठेवलेल्या एका बाईला सोडवायला तिच्या सहा मैत्रिणी आपापली कार्डं घेऊन गेल्या. त्या सहाजणींपैकी पाच जणींना सही येत नव्हती. फौजदाराने विचारलं, तुम्ही कोण? "आमी पंचायतीच्या." असं उत्तर देता येतं, हेच नवं होतं.

स्वाभिमानावर हल्ली पुस्तकं खूप निघतात. त्यांचा उपदेश साधारण असा असतो, की रोज सकाळी आरशात पाहा, मी मोलाची आहे असं स्वतःला सांगा, मग जगही तुम्हाला मोल देईल. इथे मला गाडी नेमकी उलट्या दिशेने चाललेली दिसली. आधी बाहेर काहीतरी हाताला लागलं, मग ते आत गेलं. आधी कार्ड आलं. मग १९९७ मध्ये पतसंस्था निघाली आणि पासबुक आलं, त्यात ओळीने जमा होत जाणारे आकडे आले. आकडे वाचायची गरज लागली म्हणून आकडे शिकले गेले. आकडे आल्यावर भंगारवाल्याच्या काट्याकडे नजर गेली. पंचायतीचं स्वतःचं भंगार दुकान निघालं, तिथे काटा सरळ होता. मग बाकीच्या दुकानांतही "तिकडं आमचं येवढं भरलं, तुमच्याकडं कमी कसं?" हा प्रश्न ऐकू येऊ लागला. या सगळ्यात 'मी मोलाची आहे' असं आरशात पाहून कुणी म्हटलेलं नाही. बऱ्याच घरांत आरसाच नव्हता.

२००१ मध्ये एका अभ्यासाने या आकड्यांत मोठी भर घातली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या या पाहणीत असं मांडलं गेलं, की या बायका शहरातला जो माल वेचून बाजूला काढतात, त्यामुळे पालिकेचा नुसता वाहतुकीचाच खर्च वर्षाला दीड कोटी रुपयांहून अधिक वाचतो. आजवर त्या 'पोटासाठी कचरा वेचतात' एवढंच सगळे म्हणत. आता शहरच त्यांचं देणं लागतं असा हिशोब मांडला गेला. पालिकेच्या दारात बायका पदर पसरायला आल्या नाहीत, बिल घेऊन आल्या. २००२-०३ पासून पालिका नोंदणी झालेल्या कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरू लागली. ती दया नव्हती. वाचलेल्या पैशांतला थोडा परत येत होता.

सभासद सुमन मोरे पुढे जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत बोलून आल्या, हे मला चार वेगवेगळ्या बायकांनी सांगितलं, चौघींनीही आपणच गेल्याच्या थाटात.

बेल वाजवण्याचा अधिकार

कोंडाळ्यापाशी मान खाली घालून काम करता येतं. दारात येत नाही.

२००० साली घनकचऱ्याचे नियम आले आणि कचरा घरोघरी जाऊन गोळा करायचं ठरलं. ते काम कंत्राटदाराच्या गाड्यांना गेलं असतं तर कोंडाळी बंद झाली असती आणि या बायका पोटावर मार खाऊन बसल्या असत्या. पंचायतीने पालिकेला सांगितलं, दारात आम्हीच जाऊ. २००५ मध्ये काही भागांत करून पाहिलं, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या बायकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. घराने महिन्याला ठरावीक शुल्क द्यायचं, सुरुवातीला १० ते ३० रुपये, आणि वेचलेला माल विकून येईल तो पैसा बाईचा. आज संस्थेत तीन हजारांच्या वर वेचक आहेत. ओला कचरा फीडर पॉइंटला, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी थांबणाऱ्या पालिकेच्या गाडीत जातो. सुका शेडमध्ये येतो.

कागदावर हे सोपं दिसतं. मावशींना विचाराल तर पहिले सहा महिने बेल वाजवायलाच हात धजत नव्हता. "कोन उघडंल, काय म्हनंल. कोंडाळ्यातलं कुत्रं परवडलं." वरच्या मजल्यावर एकदा एका बाईंनी दार उघडून बादली पायाने पुढे सरकवली. मावशी ती न उचलता उभ्या राहिल्या. बाईंना कळेना. अखेर मावशी म्हणाल्या, "ताई, हातानं द्या. मी पन हातानंच घेनार हाय." बाईंनी वाकून बादली उचलून दिली. आता त्यांच्या सुनेशी मावशींचं चांगलं जमतं. पण त्या बाईंच्या लेखी तो प्रसंग झालाच नसावा, असं मावशींना वाटतं.

लिफ्टचं दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. काही इमारतींत बादल्या घेऊन जिन्यानेच चढायचं, असा तोंडी नियम आहे. कमिटीच्या ठरावात तो लिहिलेला नसतो. विचारलं तर 'असं काही नाही हो' म्हणतात. पण वॉचमनला नेमकं माहीत असतं. पाच मजले, तीन फेऱ्या, भरलेल्या बादल्या. एका जोडीने यावर तोड काढली. जिन्याने वर जायचं आणि प्रत्येक मजल्यावर बसून दम खायचा, अगदी दारांसमोर. तीन आठवड्यांत लिफ्ट उघडली.

दारात उभं राहिल्यावर कचऱ्यातल्या काही गोष्टींविषयी बोलणंही भाग पडलं. वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर उघडेच यायचे, आणि ते हाताने वेगळे करावे लागायचे. बायकांनाही हे बायकांना सांगायची लाज. २०१३ मध्ये 'स्वच्छ'ने जे केलं त्याला तोड नाही. वापरलेल्या पॅडांची पार्सलं बांधून ती पॅड बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना पाठवून दिली! तुमचा माल आहे, तुम्हीच बघा. हात घालायचा कुणी, हा प्रश्न तोवर फक्त घालणाऱ्यांपुरता होता; तो टपालाने कंपन्यांच्या टेबलावर गेला. पुढे २०१६च्या नियमांत पॅडबरोबर गुंडाळायची पिशवी देणं ही उत्पादकांची जबाबदारी ठरली. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम पुण्यात रुजली, अर्धवट का होईना. ठिपका असलेलं पुडकं मावशी न उघडता बाजूला ठेवतात. त्या दिवशी मी पाहिलेल्या बादल्यांत ठिपके फार नव्हते.

करार संपायचे आणि वाढायचे, हे चक्र मात्र चालूच आहे. २०२०च्या अखेरीला मुदत संपली तेव्हा काम जातं की काय, अशी वेळ आली होती. बायका नगरसेवकांच्या दारात गेल्या, आंदोलनं केली आणि ज्या घरांचा कचरा उचलतात त्या घरांकडून पाठिंब्याची पत्रं मागितली. ते मागायला हात धजला का, असं विचारलं तर मावशी हसल्या. "आता कसलं? घरचंच हाय."

फिट्टंफाट

आता संपादकांच्या विषयाकडे येते. कृतज्ञता.

गरिबाकडून ती आपण फार लवकर मागतो, हे या फिरस्तीत सारखं जाणवलं. जुनी साडी दिली, उरलेली भाजी दिली, दिवाळीला शंभराची पोस्त दिली, की समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं पाहिजे अशी आपली अपेक्षा असते. नाही उमटलं तर 'माज चढलाय' हे शब्द पुण्यात तोंडावर तयार असतात. करोनात लॉकडाउन होता तेव्हा याच बायका पास लावून रोज कामावर आल्या. बाल्कन्यांतून टाळ्या वाजल्या. आणि त्याच महिन्यांत काही घरांनी सांगितलं, सगळंच बंद आहे, तुमचं नंतर बघू. एकीने मला ते तिच्या पद्धतीने सांगितलं: "टाळ्या पोत्यात भरून भंगारात न्हेल्या. घेईना कोनी."

दर थोड्या दिवसांनी पेपरात बातमी येते. कचऱ्यात सापडलेलं मंगळसूत्र किंवा पैशांची पिशवी वेचक महिलेने परत केली. प्रामाणिकपणाबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार. बातमी खरी असते, परत करणारीला आनंदही झालेला असतो. ज्या बाईंचा असा सत्कार झाला होता त्यांना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, दुसऱ्याचं होतं ते दिलं, त्यात काय? आणि शाल पावसाळ्यात वाळत नाही. त्यांच्या धाकट्या जोडीदारणीला मात्र राग आला होता. "बँकेतला मानूस पैसं मोजून बरोबर देतो, त्याला कुटं शाल देत्यात?"

म्हणून मी त्यांना आभारांबद्दल विचारायचं टाळत होते. तो विषय त्यांनीच काढला, आणि तो माझ्या अपेक्षेच्या बाहेरचा निघाला. त्या ज्याचे उपकार मानतात, तो कचरा आहे. "नवऱ्यानं सोडलं, भावानं दार लावलं. कचऱ्यानं न्हाई सोडलं. पाच लेकरं ह्याच्यावर वाढली." हे सांगताना आवाजात कुठेही रडकथा नव्हती, शेतकरी जमिनीबद्दल बोलतो तसा तो आवाज होता. दसऱ्याला या बायका ढकलगाडी धुतात, झेंडूची माळ घालतात, काट्याला हळदकुंकू लावतात. शेडच्या भिंतीवर आंबेडकर आणि अण्णा भाऊ साठे आहेत, एका शेडमध्ये खराटा घेतलेले गाडगेबाबाही. गावात शिरून आधी गाव झाडायचं आणि मग संध्याकाळी कीर्तनातून माणसांची डोकी, हा त्यांचा क्रम. त्यांची तसबीर इथे कुणी लावली असं विचारलं तर कुणालाच आठवेना.

कचऱ्याखालोखाल नाव येतं ते एकमेकींचं. बाळंतपणात जिने कोंडाळं राखून ठेवलं तिचं. नवरा मारायला उठला तेव्हा पंचायतीच्या बायका घेऊन आलेलीचं. आणि लेकीचं चौदाव्या वर्षी लग्न ठरवलं तेव्हा "तुझ्या मांडवात आमी कोनी येनार न्हाई" असं तोंडावर सुनावणारीचंही. बालविवाहाला सभासदांनी जायचं नाही, ही भूमिका पंचायतीने घेतली होती. त्या वेळी दोघींचं वर्षभर बोलणं बंद होतं. ती लेक पुढे बी.कॉम. झाली.

हे ऐकून सगळं गोड झालं असं वाटायला नको. बी.कॉम. झालेल्या लेकीच्या शेजारच्याच घरातली मुलगी नवरा वारल्यावर परत आली आणि आता आईची जोडीदारीण आहे. आईला ते लागलंय. ती बोलत नाही, पण लेकीला जिने चढू देत नाही, स्वतःच चढते. काच नीट गुंडाळून न टाकल्यामुळे कापलेली बोटं मी जवळजवळ प्रत्येक हातावर पाहिली. पेन्शन नाही. सत्तरीच्या एक आजी अजून गाडीमागे चालतात, कारण बसल्या तर खायचं काय. त्यांना मी शेवटी विचारलंच, तुम्हाला कुणाचे आभार मानावेसे वाटतात? त्यांनी पान थुंकलं. "कशाला? म्या काम क्येलं, पैसं घेतलं. फिट्टंफाट." इतक्या मुलाखतींत मला हेच उत्तर सगळ्यात आवडलं. ज्याचा हिशोब चुकता आहे त्यालाच असं बोलता येतं. आयुष्यभर 'उपकार' या खात्यात ज्यांची कमाई मांडली गेली, त्यांनी ते खातंच बंद केलं होतं.

आपल्या कामाचा हिशोब मागणं जगभर चाललंय म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात कचरावेचकांनी कंत्राटात आपला वाटा मिळावा म्हणून न्यायालयात लढा दिला आणि जिंकला. त्यांच्या नेत्या नोरा पादिया यांना २०१३ मध्ये पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच देशात १९९२ मध्ये कचरावेचकांचे खून पाडले गेले, त्या आठवणीत १ मार्च हा जागतिक कचरावेचक दिन पाळला जातो. पुण्यातही पाळतात. शेडमधल्या मावशींना बोगोटा कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. तिथे पुठ्ठ्याला काय भाव आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

वहीतली पानं

नारळी पौर्णिमेच्या सकाळी पाऊस उघडला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मावशींसाठी स्टीलच्या डब्यात नारळीभात काढून ठेवला होता, वर काजू, डब्यावर स्वच्छ फडकं बांधलेलं. मनापासून केलेलं होतं ते. हातात डबा देताना त्या म्हणाल्याही, "मावशी, तुमच्यामुळे आमची बिल्डिंग चकाचक असते हं." मावशींनी डबा नाकाशी नेला, वास घेतला. "लवंगा घातल्याता. बेस." डबा त्यांनी जोडीदारणीकडे खाली पाठवला, तोही लिफ्टने. मग कोटाच्या खिशातून वही काढली, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. पान उलटून फ्लॅटच्या नंबरावर बोट ठेवलं.

"वैनी, जून आन् जुलै ऱ्हायलाय. आगस्टाचंबी द्या, म्हंजी एकदमच पावती फाडते."

वहिनी पर्स आणायला आत गेल्या.